सतराव्या वर्षी ऑलिम्पिक सोनं, मग मेडल कचऱ्याच्या डब्यात का? स्नोबोर्डपटू क्लोई किमचा जमाखर्च

फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत हिवाळी ऑलिम्पिक झालं. महिलांच्या स्नोबोर्ड हाफपाइप प्रकारात दक्षिण कोरियाच्या १७ वर्षांच्या चोई गा-ऑननं सोनं जिंकलं आणि अमेरिकेची क्लोई किम दुसरी आली. आपल्याकडच्या पेपरात ही बातमी आली असेल तर आतल्या पानावर, चार ओळींत. त्यात नवल नाही. बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की बडोदा, आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ बघितला तो फ्रीजमधला, नाहीतर मनालीच्या सहलीतला.

तरी ही दुसरी आलेली पोरगी कोण, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण सोपं आहे. पोराला क्रिकेटच्या कोचिंगला घालू का, पोरीला बॅडमिंटनसाठी मोठ्या शहरात ठेवू का, दहावीनंतर एक वर्ष फक्त खेळाला देऊ का, हे प्रश्न आता गावोगावच्या घरांत आहेत. क्लोई किमच्या घरात हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी आला होता. वडिलांनी पंचवीस डॉलरचा बोर्ड आणला, पुढं नोकरी सोडली, मुलीनं सतराव्या वर्षी ऑलिम्पिकचं सोनं आणलं. एवढी गोष्ट सगळे सांगतात. ती जमेची बाजू झाली. वहीला नावेची बाजूपण असते आणि ती क्लोईनं स्वतःच जगाला वाचून दाखवली आहे. आज दोन्ही बाजू बघू.

आधी खेळ समजून घेऊ

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर घट्ट बांधून बर्फावरून घसरायचं. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या आणि हातात काठ्या असतात. इथं फळी एकच आणि हात मोकळे. तोंड समोर नसतं, खेळाडू आडवा उभा राहून उतारावरून जातो.

खेळ तसा जुना नाही. १९६५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनियरनं आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून एक फळी करून दिली. तिचं नाव पडलं 'स्नर्फर'. पुढं १९७७ मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी बोर्ड बनवायची कंपनी काढली. तीच आजची बर्टन. सुरुवातीला स्कीवाले लोक या पोरांना आपल्या डोंगरावर येऊ देत नव्हते. पण १९९८ ला जपानच्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड अधिकृत खेळ झाला.

क्लोईचा प्रकार हाफपाइप. एखादा मोठ्ठा पाइप उभा चिरून अर्धा भाग उतारावर आडवा ठेवला तर कसा दिसेल, तसं बर्फाचं मैदान. दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फूट उंच, म्हणजे जवळजवळ दुमजली घराएवढ्या. खेळाडू एका भिंतीवरून वर उडतो, हवेत कसरत करतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि समोरच्या भिंतीकडे जातो. असं करत करत खालपर्यंत पाच-सहा उड्या होतात. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो.

गुण १०० पैकी. सहा जज असतात. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकतात आणि उरलेल्या चौघांची सरासरी धरतात. उडी किती उंच, किती अवघड, किती वेगवेगळ्या कसरती आणि उतरणं किती स्वच्छ, हे बघितलं जातं. फायनलला तिघी-चौघींत चुरस असली तरी प्रत्येकीला तीनच संधी आणि त्यातली सगळ्यात चांगली एकच धरतात. दोनदा पडलं तरी चालतं, तिसऱ्यांदा जमलं तर सोनं.

आता ते ७२०, ९००, १०८० असे आकडे. ते अंशांचे आहेत. एक पूर्ण गिरकी ३६० अंशांची. म्हणजे १०८० म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या आणि १२६० म्हणजे साडेतीन. यात एक गोम आहे. १०८० मारून उतरताना खेळाडू नेहमीच्या उलट्या बाजूनं उतरतो. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं मध्येच डाव्या हातात पेन घ्यावं, तसं. आता लगेच दुसरी १०८० मारायची तर तसंच उलट्या बाजूनं समोरच्या भिंतीवर चढायचं आणि पुन्हा तीन गिरक्या. पाठोपाठ दोन १०८० ही गोष्ट महिलांच्या स्पर्धेत पहिल्यांदा क्लोईनं करून दाखवली. साल २०१६, वय १५. अमेरिकेतल्या पार्क सिटीच्या त्या स्पर्धेत जजनी तिला १०० पैकी १०० दिले.

पंचवीस डॉलरचा बोर्ड

क्लोईचे वडील किम जोंग-जिन १९८२ मध्ये दक्षिण कोरियातून अमेरिकेला आले. खिशात फार काही नव्हतं. मिळेल ती कमी पगाराची कामं केली, त्यातून शिकले आणि इंजिनियरिंगच्या नोकरीला लागले. क्लोईचा जन्म २३ एप्रिल २००० चा, कॅलिफोर्निया राज्यातला. घर लॉस एंजेलिसजवळच्या टोरन्स गावात. म्हणजे समुद्रकाठचा, उन्हाचा मुलूख. तिथून बर्फ गाठायचा तर डोंगरात जावं लागतं.

वडिलांना स्वतःलाच स्नोबोर्ड शिकायचा होता. बायकोनंही सोबत यावं म्हणून चार वर्षांच्या क्लोईला बरोबर घेतलं. पोरगी आली की आई येणार, हा हिशेब. तिच्यासाठी इंटरनेटवरच्या लिलावात एक बोर्ड घेतला, २५ डॉलरचा. त्या वेळच्या दरानं हजार-अकराशे रुपये. आईचं मन काही खेळात लागलं नाही, पोरीचं मात्र लागलं. सहाव्या वर्षी ती जवळच्या माउंटन हाय रिसॉर्टच्या टीमकडून स्पर्धा खेळू लागली.

आठव्या वर्षी तिला स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आत्याकडे ठेवलं. तिथं दोन वर्षं शाळा, फ्रेंच भाषा आणि सराव. सरावाची जागा सीमेपलीकडं फ्रान्समध्ये, आव्होरियाझला. वडील पहाटे चारला उठवायचे आणि ट्रेन बदलत बदलत बापलेक डोंगरावर पोचायचे. कॅलिफोर्नियाला परत आल्यावर सरावासाठी मॅमथ माउंटन निवडला. घरापासून गाडीनं पाच-सहा तास. वडील गाडी चालवणार, पोरगी मागच्या सीटवर झोपणार. हे सगळं करायला नोकरी सांभाळून जमेना, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

इथं जरा थांबू. कॉमर्स शिकलेल्या माणसाला हा व्यवहार बघून धडकी भरते. घरातलं एक उत्पन्न बंद, खर्च दुप्पट आणि परतावा कधी येणार, येणार की नाही, याची कुणीही हमी देत नाही. कुठलीही बँक असल्या प्रोजेक्टला कर्ज देणार नाही. किम कुटुंबाचं गणित जुळलं म्हणून आपण त्याला धाडस म्हणतो. न जुळणाऱ्याला आपल्याकडं वेडेपणा म्हणतात. दोघांचा खर्च मात्र सारखाच असतो.

वय भरेना

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये क्लोई दुसरी आली. एक्स गेम्स म्हणजे या खेळातली ऑलिम्पिकच्या तोडीची स्पर्धा, आणि खेळाडूंच्या दृष्टीनं काही बाबतीत त्याहून वरची. त्या वेळी क्लोई १३ वर्षांची होती. पहिली आली केली क्लार्क. ही या खेळातली मोठी बाई. २००२ ची ऑलिम्पिक विजेती, आणि स्पर्धेत १०८० मारणारी पहिली महिला, २०११ साली.

त्याच वर्षी सोचीला ऑलिम्पिक होतं. क्लोईचा खेळ तिथं जाण्याच्या लायकीचा होता, वय नव्हतं. किमान पंधरा वर्षांची अट होती. मग चार वर्षं थांबणं आलं. ती नुसती बसून राहिली नाही. २०१५ ला एक्स गेम्सचं सोनं, चौदाव्या वर्षी. २०१६ ला नॉर्वेच्या लिलेहामरमधल्या युवा ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णं. २०१८ उजाडलं तेव्हा ऑलिम्पिकमध्ये दुसरी कोण येणार, एवढीच चर्चा बाकी होती.

आई-वडिलांच्या देशात, दुसऱ्या देशासाठी

२०१८ चं ऑलिम्पिक होतं दक्षिण कोरियात, प्योंगचांगला. म्हणजे आई-वडिलांचा देश, आणि पोरगी खेळणार अमेरिकेकडून. कोरियन पेपरांना ती आपली वाटत होती, अमेरिकन टीव्हीला ती आपली वाटत होती. सोलमध्ये राहणारी तिची आजी नातीला पहिल्यांदाच स्पर्धेत खेळताना बघायला आली होती.

१३ फेब्रुवारीला फायनल झाली. पहिल्याच फेरीत क्लोईनं ९३.७५ गुण घेतले. दुसऱ्या फेरीत पाठोपाठ १०८० मारायला गेली आणि पडली. मधल्या वेळात तिनं फोनवरून ट्विटरवर लिहिलं की सकाळचं सँडविच पूर्ण खाल्लं असतं तर बरं झालं असतं, आता भूक लागलीय. लाखो लोक बघत होते आणि पोरीला सँडविचची आठवण. लोकांना ती इथंच आवडली.

तिसरी फेरी सुरू व्हायच्या वेळी बाकी सगळ्यांचं खेळून झालं होतं. तिचे पहिले गुण कुणाला ओलांडता आले नव्हते. म्हणजे सोनं ठरलेलं. नुसतं सरळ खाली आली असती तरी चाललं असतं. पण दुसऱ्या फेरीत राहून गेलेलं काम तिला पुरं करायचं होतं. पाठोपाठ दोन्ही १०८० स्वच्छ मारल्या. गुण ९८.२५. चीनची लिऊ जियायू ८९.७५ वर दुसरी, अमेरिकेची एरियल गोल्ड ८५.७५ वर तिसरी. केली क्लार्क चौथी. १७ वर्षांची क्लोई या प्रकारात ऑलिम्पिक सोनं जिंकणारी सगळ्यात लहान महिला ठरली.

पैसा कुठून येतो?

आपल्याकडं ऑलिम्पिक मेडल म्हटलं की सरकारी बक्षीस, नोकरी, प्लॉट अशी यादी डोळ्यांपुढं येते. अमेरिकेत तसं नाही. तिथं केंद्र सरकार ऑलिम्पिक टीमला थेट पैसा देत नाही. टीमचा खर्च देणग्यांतून आणि स्पॉन्सर कंपन्यांकडून चालतो. २०१८ ला सोनं जिंकणाऱ्याला तिथल्या ऑलिम्पिक समितीकडून ३७,५०० डॉलर मिळायचे. तेव्हाच्या दरानं २४ लाख रुपयांच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण बारा-तेरा वर्षांचा प्रवास, बोर्ड, कोच, डॉक्टर आणि वडिलांची गेलेली पगारपत्रकं मांडली तर मोठीही नाही.

खरा पैसा येतो जाहिरातीतून. बोर्ड बनवणारी कंपनी, चष्मे, बूट, गाड्या, थंड पेयं. क्लोईच्या मागं बर्टन, ओकली, नायकी, टोयोटा, मॉन्स्टर एनर्जी अशी नावं उभी राहिली. सोन्यानंतर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर तिचा फोटो आला, तिच्यासारखी दिसणारी बार्बी बाहुली निघाली, 'टाइम' मासिकाच्या शंभर प्रभावी लोकांच्या यादीत नाव आलं.

प्रोफेशनल खेळाडूचा धंदा हा असा आहे. माल म्हणजे ती स्वतः. तिचा चेहरा, तिचं हसणं, तिची ती सँडविचवाली गंमत. दुकानदार संध्याकाळी शटर ओढून घरी जातो. या दुकानाला शटर नाही. आणि माल जेव्हा १७ वर्षांची मुलगी असते, तेव्हा हा धंदा तिच्या अंगावर कसा चढतो, ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं.

नावे बाजू

प्योंगचांगहून घरी आल्यावर क्लोईनं ते सोन्याचं मेडल आई-वडिलांच्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ही गोष्ट तिनं स्वतः २०२२ च्या सुरुवातीला 'टाइम' मासिकाला सांगितली. मेडल नंतर बाहेर काढलं, पण त्या काळात तिला त्याचा राग आला होता. आवडत्या ठिकाणी जायचं तर लोकांचा गराडा पडायचा. थकलेलं असो की रडवेलं, चेहऱ्यावर हसू ठेवायचं. ज्या मेडलसाठी सगळं केलं, त्याच मेडलनं साधं जगणं काढून घेतलं असं तिला वाटू लागलं.

दुसरी नोंद याहून जुनी आणि जास्त कडू. २०२१ मध्ये अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढले होते. तेव्हा तिनं ईएसपीएनला सांगितलं की तेराव्या वर्षी एक्स गेम्समध्ये दुसरी आल्यापासूनच तिला घाणेरडे मेसेज येत होते. चीनला परत जा, गोऱ्या अमेरिकन मुलींची मेडलं घेऊ नकोस, अशा अर्थाचे. तिचे आई-वडील कोरियाचे, हे माहीत करून घ्यायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. त्याचा परिणाम असा झाला की चारचौघांत आई-बाबांशी कोरियन बोलायचं तिनं बंद केलं. आपण कोण आहोत, याचीच तिला लाज वाटायला लागली.

घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी असा कारभार करणाऱ्या आपल्या वाचकांना ही नोंद समजावून सांगायची गरज नाही. रस्त्यात आईनं आपल्या भाषेत हाक मारली आणि पोरानं दबक्या आवाजात दुसऱ्याच भाषेत उत्तर दिलं, असं आपण बघितलेलं असतं. फरक एवढाच की या पोरीच्या गळ्यात मेडल होतं, आणि तरीसुद्धा तिची त्यातून सुटका झाली नाही. जिंकलं की लोक आपलं म्हणतात, ही समजूत किती पातळ आहे ते इथं कळतं.

तिसरी नोंद शरीराची. मशीनवर दरवर्षी घसारा लावतात, खेळाडूच्या शरीराचा घसारा कुणी वहीत लिहीत नाही. बर्फ दिसतो मऊ, पण हाफपाइपच्या भिंती दाबून घट्ट केलेल्या असतात. २२ फुटी भिंतीच्या वर आणखी काही फूट उंचीवरून चुकीचं उतरलं तर काँक्रीटवर पडल्यासारखंच. मार्च २०१९ मध्ये स्पर्धेत तिचा घोटा मोडला.

थांबण्याचा निर्णय

इथं क्लोईनं जे केलं, ते मला तिच्या कुठल्याही उडीपेक्षा मोठं वाटतं. घोटा बरा झाल्यावर लगेच परत यायचं सोडून ती कॉलेजला गेली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात नाव घातलं. वय १९, जगात पहिल्या नंबरवर, कंपन्यांचे करार चालू, आणि मॅडम वसतिगृहात. पुढं कोविड आला, विद्यापीठं बंद झाली. एकूण २२ महिने ती स्पर्धेपासून लांब राहिली.

धंद्याच्या भाषेत हे चालत्या दुकानाला कुलूप लावणं झालं. चार माणसं हेच सांगणार की बाई, सीझन आहे, आत्ताच कमव. आपल्याकडंही हेच सांगतात. फॉर्मात असलेल्या पोरानं विश्रांती मागितली तर घरचे, कोच, गाववाले सगळे गोळा होऊन समजूत काढतात. आणि खरंच, २२ महिन्यांत हा खेळ पुढं निघून जाऊ शकतो. मागून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी येतच असतात.

जानेवारी २०२१ मध्ये ती परतली ती स्वित्झर्लंडच्या लाक्स इथल्या स्पर्धेत. आली आणि जिंकली. त्याच मोसमात एक्स गेम्सचं सोनं आणि ॲस्पेनमध्ये जागतिक विजेतेपद, तेही दुसऱ्यांदा. मनाच्या दुखण्यासाठी आपण तज्ज्ञांची मदत घेतो, हेही तिनं उघड सांगितलं. आता काय बोलायचं नाही, कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे ती आधी ठरवू लागली.

२०२२ चं ऑलिम्पिक बीजिंगला. त्या दिवशीचा फायनलपूर्वीचा सराव तिच्या म्हणण्याप्रमाणं अगदीच वाईट गेला होता. तरी पहिल्याच फेरीत ९४ गुण. गुण बघून तिचं तिलाच खरं वाटेना. मग उरलेल्या दोन फेऱ्यांत ती १२६० मारायला गेली आणि दोन्ही वेळा पडली. पण ९४ पुरले. स्पेनची केराल्त कास्तेयेत ९०.२५ वर दुसरी आणि जपानची सेना तोमिता ८८.२५ वर तिसरी. हाफपाइपमध्ये दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणारी क्लोई पहिली महिला.

आणि यानंतर काय केलं? पुन्हा थांबली. २०२२-२३ चा पूर्ण मोसम खेळली नाही. पहिल्या वेळी मेडल डब्यात गेल्यावर जे उशिरा कळलं, ते या वेळी आधीच कळलं होतं.

साडेतीन गिरक्या आणि मागून आलेली पोरगी

बीजिंगमध्ये दोनदा हुकलेली १२६० तिनं जानेवारी २०२४ च्या एक्स गेम्समध्ये मारली. महिलांच्या हाफपाइप स्पर्धेत हे पहिल्यांदा घडलं. हिशेब मांडला तर महिलांच्या खेळाची चाल दिसते. २०११ ला केली क्लार्कची पहिली १०८०. २०१६ ला क्लोईच्या पाठोपाठ दोन. २०२४ ला १२६०. अर्ध्या गिरकीची भर पडायला तेरा वर्षं लागली. जानेवारी २०२५ मध्ये एक्स गेम्सचं तिचं आठवं सोनं झालं आणि त्याच वर्षी तिसरं जागतिक विजेतेपद.

सलग तिसरं ऑलिम्पिक सोनं आजवर या प्रकारात कुणाला जमलेलं नाही. २०२६ ला तिला ती संधी होती. पण जानेवारीतच लाक्सला सराव करताना तिचा खांदा निखळला. महिन्याभरात ऑलिम्पिक. खांदा सांभाळत ती लिव्हिन्योच्या फायनलला उतरली आणि चांदी घेऊन परतली. तिसरी आली जपानची मित्सुकी ओनो.

सोनं नेणाऱ्या चोई गा-ऑनची पायवाट बघितली तर ओळखीची वाटते. क्लोईच्या नावावर असलेला एक्स गेम्समधला सगळ्यात लहान विजेतीचा विक्रम चोईनं २०२३ मध्येच मोडला होता, वय १४. आता ऑलिम्पिकमधला सगळ्यात लहान विजेतीचा विक्रमही तिच्याकडे गेला. २०१८ ला कोरियात क्लोई जिंकली, तेव्हा चोई नऊ वर्षांची होती. केली क्लार्ककडून क्लोईकडे आणि क्लोईकडून चोईकडे, अशी ही शर्यत पुढं जाते आहे. क्लोई अजून पंचविशीत आहे आणि तिच्या खेळात ती आता सिनियर झाली. 'सगळ्यात लहान' ही पदवी अशी असते. ती कायमची कुणाचीच नसते, आणि मिळते तेव्हा घेणाऱ्याचं वय पेलण्याचं नसतं.

ताळेबंद

ज्यांच्या घरात खेळणारं पोर आहे, त्यांनी या वहीतून काय घ्यावं? तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आपण नेहमी नफ्यात गेलेल्या दुकानाचा ताळेबंद वाचतो. क्लोईच्या वडिलांसारखी पहाटे उठून पोरांना सरावाला नेणारी माणसं कॅलिफोर्नियात इतरही होती, आपल्याकडंही आहेत. बहुतेकांच्या पोरांना मेडल मिळत नाही. म्हणून खेळू द्यायचं नाही असं नव्हे. पण घरातली कुठली रक्कम गेली तरी चालेल आणि कुठली गेली तर घर बसेल, हे आधी कागदावर लिहिलेलं असावं. आणि तो कागद पोराच्या डोक्यावर ठेवू नये. बाबांनी माझ्यासाठी नोकरी सोडली, हे वाक्य बारा वर्षांच्या पोराला फार जड असतं.

दुसरी, पोराची शाळा आणि मित्र ही खेळातून वाचलेल्या वेळात करायची कामं नव्हेत. क्लोई थकली तेव्हा तिला जायला एक दुसरी जागा होती, कॉलेज. ज्या पोराला खेळाशिवाय दुसरं काहीच ठेवलेलं नसतं, ते दमल्यावर जाणार कुठं?

तिसरी आणि सगळ्यात अवघड. पोर 'थांबायचंय' म्हणालं तर त्याला माघार समजू नये. क्लोई दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा परत येऊन जिंकली. अर्थात परत आलीच नसती तरी तिचं थांबणं चुकीचं ठरलं नसतं. पहिलं मेडल डब्यातून परत काढायला तिला वेळ लागला. तो वेळ तिला मिळाला, हे तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं भांडवल.

येत्या सुट्टीत मैदानावर पोराला सोडायला जाल, तेव्हा किती रन केले, किती गुण पडले हे विचाराच. त्याच्या आधी एकदा मजा आली का, तेही विचारा. आणि उत्तर 'नाही' आलं तर ते वहीत लिहून ठेवा. नावेच्या बाजूला.